पाय लागला

पूर्णेच्या मैदानावर पोरींची फुटबॉलची फायनल सरत आली होती आणि गोलकीपर गंगासागरचा संघ एका गोलानं पुढं होता. खंडेनवमी होती, सकाळीच पोरींनी चेंडूला हळदीकुंकू वाहिलं होतं. आपल्या खेळाडूनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलकीपरनं हाताळायचा नसतो, म्हणून तसा आलेला चेंडू तिनं पायानंच अडवला. पण पूजेच्या चेंडूला पाय लागला! सवयीनं ती वाकली, बोटं चेंडूला लावून कपाळाला टेकवली. शिट्टी वाजली. समोरच्यांना गोलाजवळून किक मिळाली. कडेला उभे असलेले तिच्या संघाचे सर ओरडले, “गंगे, ही किक थेट आत गेली तर गोल धरत न्हाईत! कुणी शिवू नका!” चेंडू सणसणत आला. गंगासागरनं हात पाठीमागं बांधले. चेंडू जाळीत, गोल बाद! सामना जिंकला. चेंडू उचलून तिनं विचारलं, “सर, आता पडू का ह्याच्या पाया?” “पड बाई, पोटभर पड!”