नदीकडचं वळण

पडद्यावर लढाऊ विमानाचा डावा पंख अर्ध्यातून तुटला. तरीही विमान रखडत गावावरून बाजूला वळलं आणि नदीत कोसळलं.

"अगदी खरं वाटतं ना, सर?" गेम बनवणाऱ्या मृण्मयीने विचारलं. निवृत्त वैमानिक दाभाडे यांना तिनेच सल्ल्यासाठी बोलावलं होतं. "आम्ही मनाने काही रचत नाही. कोसळलेल्या विमानांची खरी रेकॉर्डिंग विकत घेतो."

दाभाड्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. वळण्याआधी कॉकपिटमधली स्टिक दोनदा हलकेच झटकली गेली. ही खोड त्यांच्या लेकीची. ग्लायडर शिकवताना तिच्यावर ते त्यासाठीच ओरडायचे. तिचं लढाऊ विमान कोसळलं त्या दिवशी तिने वेळेवर पॅराशूटने उडी घेतली असती, तर ती वाचली असती.

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "ही माझी इरावती आहे. आणि तुमचे खेळाडू हिला रोज पाडतात?"

मृण्मयी ओशाळली. मग समजूत घालत म्हणाली, "पुढच्या अपडेटमध्ये ते वळण काढतोय, सर. खूप तक्रारी आल्यात. मरताना कुणी गाव वाचवत बसतं का? खोटं वाटतं म्हणतात."