मी न लावलेलं रोप
दसऱ्याआधी माझ्या तळमजल्यावरच्या बागेत मी न लावलेलं एक रोप जांभळं फुललं. पुस्तकातल्या चित्राशी पुन्हापुन्हा ताडून पाहिलं. अ‍ॅस्टर वाटत होतं, पण माझा माझ्यावर भरवसा नसतो. शेजारच्या शकूताई मदतीला आल्या. “काका, हे रान माजलंय, उपटते हं,” म्हणत त्यांनी रोप धरलंसुद्धा. मला आठवलं. गेल्या दसऱ्याला नवऱ्याच्या फोटोसाठी केबिन रोडच्या फुलबाजारातून आणलेला जांभळ्या फुलांचा हार सुकल्यावर त्यांना घंटागाडीत टाकवेना, म्हणून त्यांनी याच वाफ्यात कुस्करला होता. “थांबा, अ‍ॅस्टर आहे,” मी म्हणालो. “तुमच्या त्या हारातलं असावं.” त्यांचा हात थांबला. “असावं की आहे?” मी हातातलं पुस्तक मिटलं. म्हणालो, “आहे.” “अख्ख्या संसारात एक फूल आणलं नाही ह्यांनी,” पुटपुटत शकूताईंनी रोप सोडलं आणि पाण्याचा मग मागितला.