इंग्रजीतून श्राद्ध

मल्लेश्वरमच्या त्या गच्चीवर भर दुपारी इंग्रजीचा वर्ग भरला होता, आणि कठड्यावर केळीच्या पानात भात वाढलेला होता. पानापासून दोन हातांवर एक कावळा बसला होता. शिवायला तयार नव्हता.

"पन्नास श्राद्धं झाली, मिस," जमनाक्का म्हणाल्या. "एकदा म्हणून शिवला नाही. मराठीत वचनं दिली, कन्नडात दिली. पण आमचे हे पलटणीत गेल्यापासून भांडायचेसुद्धा इंग्रजीत! म्हणून तर तुमच्याकडे नाव घातलं. यंदा शिवायलाच हवा. माझ्यामागं पान मांडणारं कोणी नाही."

निवेदिता मिसनी फळ्याकडे पाहिलं. विजय दिवस तोंडावर आला म्हणून आजची सगळी वाक्यं त्यांनी लढाईत पडलेल्या जवानांवर काढली होती. एकाहत्तरात गेलेल्या हवालदाराची बायको पहिल्याच बाकावर बसते, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"म्हणा तर," त्या म्हणाल्या. "आधी भूतकाळ."

"ही वेंट टु वॉर."

कावळा एक पाऊल पुढे सरकला.

"योगायोग," मागून दयानंद पुटपुटले. पोस्टातून रिटायर झालेले. त्यांना सगळंच ठाऊक.

"ही डिड नॉट केम बॅक."

कावळा दोन पावलं मागे गेला.

"कम," मिस हळूच म्हणाल्या.

जमनाक्कांनी वाक्य सुधारून म्हटलं. कावळा पुन्हा पुढे आला. आता कावळ्याला इंग्रजी येतं असं कोण म्हणेल? पण दयानंदही मान पुढे काढून बघू लागले.

"आता वचन द्या. आय विल..."

"आय विल लुक आफ्टर युवर मदर."

कावळा हलला नाही.

"सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली की हो, अक्का!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"सरी, सरी, बरोबर," जमनाक्का म्हणाल्या. "मग काय देऊ?"

मिसनी फळ्यावरच्या शेवटच्या ओळीवर छडी टेकवली. सगळा वर्ग उभा राहून एका सुरात म्हणाला, "वी विल रिमेंबर यू."

कावळ्याने पाठ फिरवली.

मग जमनाक्का बाकामागून निघाल्या, कठड्यापाशी गेल्या. या वेळी त्यांनी मिसना शब्द विचारले नाहीत.

"आय विल कम," त्या म्हणाल्या.

कावळा वळला. मान तिरकी करून बघत राहिला. अजून काही ऐकायचं असल्यासारखा.

"टुमारो."

कावळ्याने भातात चोच घातली.

"व्हेरी गुड," मिसच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

जमनाक्का बाकाशी परत आल्या. पदराने कपाळ टिपलं. आपली वही मिटून त्यांनी दयानंदांपुढे धरली.

"घ्या. निम्मी कोरी आहे," त्या म्हणाल्या. "वाया कशाला?"