खालच्यांची भांडी

नवीकोरी परात कमरेवर घेऊन शलाका घळीत उतरत होती आणि अख्खा पाडा वर उभा राहून बघत होता. लग्न आठवड्यावर, आणि नवरीची ही थेरं! पण तिला अडवणार कोण? आनंदनगरच्या कारखान्यात लाईन सांभाळणारी पोरगी ती. भल्याभल्यांना सरळ केलेलं.

बारवी धरणामागच्या या घळीच्या तळाशी एक भुयार आहे. आत म्हणे जुनं नगर आहे. रस्ते, देवळं, विहिरी, सगळं. तिथली माणसं ती ‘खालची’. पूर्वी पाड्यात लग्न निघालं की भुयाराच्या तोंडाशी अक्षता ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी तिथे भांड्यांची रास. कार्य उरकलं की घासूनपुसून परत. मग शलाकाच्या खापरपणजोबाने एक परात दाबून ठेवली. खालच्यांनी भांडी बंद केली आणि पाड्याने या घरची पंगत बंद केली. कोण बघायला गेलं होतं, देव जाणे. पण तेव्हापासून इथे कुणी जेवत नाही, आणि या घराला साधी कढई उसनी मिळत नाही.

नवऱ्याकडचे म्हणाले, बदलापूरला हॉल घेऊ, केटरर आहेच. शलाकाचे वडील दौलतराव हटून बसले. पंगत माझ्या दारात बसेल आणि पाडा जेवेल, असं म्हणता म्हणता ते रडले. बापाचं रडणं शलाकाला सोसलं नाही. ती तडक उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेली आणि दुकानातली सगळ्यात मोठी तांब्याची परात विकत घेऊन आली.

आता तिने ती भुयारात सरकवली आणि हात झटकले.

“ही काय ती परात नाय,” वरून शेजारचा अनंता म्हणाला.

“ती लहान होती, काका. ही मोठी आणलीय. आता फिटलं.”

 एकेक जण पांगला.

दौलतराव मात्र रोज सकाळी घळीत डोकावू लागले. हळदीच्या दिवशी ते धापा टाकत परत आले. भुयाराच्या तोंडाशी भांडी होती! टोप, हंडे, कढया, झारे. सगळं अंगणात आणेपर्यंत त्यांचे डोळे वाहत होते.

शलाकाची आई वेणूबाई विसळायला बसली. पहिल्या टोपाच्या काठावर कोरलं होतं, अनंता. हंड्यावर पलीकडच्या घरातली सखू. एकेका भांड्यावर पाड्यातलं एकेक नाव. शलाका हसणार, तोच आईने तिला चिमटा काढला.

काय कोरलंय गं, दौलतरावांनी मांडवातून विचारलं.

वेणूबाईने टोप पदराने पुसला.

“खालच्यांची नावं हायत,” ती म्हणाली. “आपल्यासारखीच असतात.”