चौतीस म्हणजे चौतीस

"ते… धावायचं… आतलं काहीतरी दाखवा," खेळाच्या सामानाच्या दुकानात वर्दीतल्या हवालदारबाई काउंटरवर ओणवून पुटपुटल्या.

दुकानातल्या बाईने कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"धावायचं. आतलं."

बाईने मोजे काढले. मग बुटाच्या आत घालायचे मऊ तळवे काढले. तिसऱ्या खेपेला गुडघ्याला बांधायचा पट्टा आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीचं डोकं सटकलं. ही तिची आई रोज सकाळी आठपासून भर चौकात उभी राहते. नुसत्या आवाजाने ट्रक मागे घ्यायला लावते, शिट्टी आपली गळ्यात शोभेला. आणि इथे बघा, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

"स्पोर्ट्स ब्रा दाखवा," लेक म्हणाली. "हिच्यासाठी."

"हळू बोल ना, कार्टे! लोक बघताहेत."

"कोण बघतंय? तो पुतळा?"

"साइज?" दुकानातल्या बाईने विचारलं.

"चौतीस." हे मात्र हवालदारबाई न अडखळता बोलल्या.

"कधी मापलं होतं?"

"लग्नात."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. लग्नानंतर झालेली ही लेकच आता विशीला आली होती.

सोमवारी खात्याची धावण्याची चाचणी होती. आठशे मीटर, पाच मिनिटं. मागच्या खेपेला हवालदारबाईंना अकरा सेकंद जास्त लागले, कारण अख्खं मैदान त्या एक हात छातीशी दाबून धावल्या. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या लेकीला तेव्हा रडावं की ओरडावं तेच कळेना. आता पुन्हा नापास झाल्या तर चौक गेला. मग कचेरीच्या मागच्या खोलीत, जुन्या फायलींच्या राशीत एक टेबल.

"चौतीस बसणार नाही हो तुम्हाला," दुकानातल्या बाईने एका नजरेत सांगितलं.

"चौतीस म्हणजे चौतीस. काढा."

काढली. हवालदारबाई ती घेऊन पडद्याआड गेल्या. थोडा वेळ नुसती धुसफूस ऐकू आली, मग दबकी हाक. लेक आत शिरली तर आईचे दोन्ही हात वर, तोंड कापडात, आणि ब्रा खांद्यांपाशी अशी अडकलेली की ना वर जाईल ना खाली.

"व्वा! सगळी वाहतूक बंद केलीस की."

"दात काय काढतेस? ओढ!"

ओढून काढेपर्यंत दोघींना घाम फुटला. मग दुकानातली बाई टेप घेऊन आत आली. छातीखालून टेप फिरवली, छातीवरून फिरवली, आकडे पुटपुटली आणि म्हणाली, "अडतीस."

"काहीतरीच! टेप सैल झालीय तुमची."

"दारू पिऊन गाडी चालवणारा तुमच्या मशीनबद्दल हेच म्हणत असेल, नाही का हो ताई?"

हवालदारबाई हार मानतील तर त्या कसल्या!

"लग्नातला ब्लाउज अजून आहे माझा," त्या म्हणाल्या.

"बसतो का पण?" लेकीने विचारलं.

"धुऊन धुऊन आटलाय तो."

"आई, पुरे हं आता! नंबर अंगाप्रमाणे घ्यायचा असतो, अंग नंबराप्रमाणे नाही. तुझ्या त्या चौतीसपायी तू सोमवारी परत छाती धरून धावणार, परत अकरा सेकंद घालवणार, आणि मी परत कुंपणाबाहेर उभी राहून ते बघणार. मला नाही जमायचं ते. सांगून ठेवते!"

हवालदारबाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या चौतीसची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला नको आहे गं ती खोली," शेवटी त्या म्हणाल्या. "फायलींना काय शिट्टी मारू मी?"

लेकीचा राग जागच्या जागी विरघळला, पण तिने तो तोंडावर तसाच ठेवला. "मग घाल मुकाट्याने," ती म्हणाली, आणि अडतीस आईच्या मांडीवर ठेवली.

"खालचा पट्टा घट्ट बसला पाहिजे," दुकानातली बाई सांगू लागली. "आत दोन बोटं जेमतेम जावीत. हात वर केले की सरकायला नको, खांद्यात रुतायला नको. आणि घातली की उड्या मारून बघा."

"उड्या? इथे?"

"मग काय, सोमवारी मैदानात बघणार?"

दोघी बाहेर आल्या. पडदा ओढला गेला. लेक पुतळ्याशेजारी ताटकळत उभी राहिली. आत काहीच हालचाल नाही. मग अगदी चोरटा असा एक धप्प आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. मग लागोपाठ धप धप धप, आणि पडद्याच्या कड्या खुळखुळायला लागल्या. मग सगळं शांत.

"आई? ठीक आहेस ना?"

उत्तर आलं ते चौकातल्या आवाजात.

"अगं, दोन्ही हात मोकळे राहतात की! अडतीस! अडतीसच द्या! दोन द्या!"

दुकानातला शब्द न् शब्द बंद पडला. बॅट खांद्यावर टाकून बिलाकडे निघालेले एक आजोबा जागच्या जागी थबकले, एक पाय अजून हवेत. ते पुढे सरकेनात, मागे हटेनात.

शेवटी लेकीनेच हात हलवला. "जा आजोबा, तुम्ही जा. रस्ता मोकळा आहे."