मुदत संपलेलं प्रमाणपत्र

लग्नावरून भांडण होऊन रेवती घर सोडून गेली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुमुदताई रोज दुपारी लेकीचा ब्लॉग उघडायच्या. तिनं काय रांधलं, काय करपलं, सगळं वाचायच्या. फोन मात्र कधी केला नाही.

आज ब्लॉगऐवजी लाल इशारा आला : 'ही साइट सुरक्षित नाही.' त्यांनी ब्राउझर बदलला, कॉम्प्युटरची तारीख तपासली. इशारा हटेना. शेवटी शेजारच्या सायलीला बोलावलं.

"काकू, तुमच्याकडे सगळं ठीक आहे. साइट सुरक्षित असल्याचं जे प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत संपलीय. जिची साइट आहे, तिनंच ते नवं करायला हवं. तिला कळवा ना."

सायली गेल्यावर कुमुदताई बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. मग त्यांनी नंबर लावला.

"रेवती, तुझी साइट उघडत नाहीये गं. प्रमाणपत्राची मुदत संपलीय म्हणे."

पलीकडून आवाज आला, "आई, तू वाचतेस?"

"रोज. परवाची आमटी फार पातळ झाली होती तुझी."

रेवती हसली की रडली, ते कळेना.

"थांब, आत्ता दुरुस्त करते. पण आई, तोवर फोन ठेवू नकोस."