बोकडाचे वाटे

“तुझं ते राज्यशास्त्राचं तत्त्वज्ञान कॉलेजात ठेव, शैले. हवेतल्या गप्पांनी जमिनी वाटल्या जात नसतात!” थोरल्या भावानं, अण्णांनी, शेताच्या नकाशावर बोट रोवलं. “विहिरीकडचा तुकडा माझा. मधला धाकट्याचा. खडकाचा तुझा.”

धाकटा भाऊ खाली बघून हसला.

आपल्या पदरात काय पडणार हे ठाऊक नसेल, तरच माणूस सरळ वाटणी करतो, हे शैला वीस वर्षं शिकवत होती आणि घरचे वीस वर्षं तिला हसत होते.

“जत्रेत बोकडाचे वाटे कसे देता, अण्णा?”

“कसे म्हणजे? एकानं पाठ फिरवायची. दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा. नाहीतर वाटे घालणाराच मांडीचं मटण ओढेल की!”

“मग मटणाला लावता तो न्याय जमिनीला लावा. हेच माझं तत्त्वज्ञान!”

शैला उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “ठेवा बोट. विचारा!”

मागून धाकट्याचा आवाज आला, “अण्णा, विहिरीवरचं बोट काढा. मी विचारतो.”